तानूबाई त्यागी नव्हती

उपप्राचार्य हेमचंद्र सरांनी टेबलावर त्रेचाळीस वह्यांच्या दोन थप्प्या लावल्या होत्या. सगळ्यात वरची वही उघडून त्यांनी अंबिकाबाईंच्या पुढ्यात सरकवली.

"वाचा, परबबाई. जरा मोठ्याने."

अंबिकाबाईंनी चष्मा लावला. "'बत्तीस ताटं' या कादंबरीतील तानूबाई ही त्यागाची धगधगती मूर्ती असून..."

"आता ही." दुसरी वही आली. "आणि ही."

तिन्हींत तीच मूर्ती, तशीच धगधगती. बाजारातल्या गाइडच्या छपाईत दुसऱ्या परिच्छेदातली एक ओळ गळली होती, त्यामुळे तिथे तानूबाई चुलीपाशी बसलेली असते आणि पुढच्याच शब्दाला एसटीत चढते. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस वह्यांत ती चुलीवरून थेट एसटीत चढली होती.

"उरलेल्या चार?" बाईंनी विचारलं.

"त्या चौघांनी तिथपर्यंत लिहिलंच नाही."

बाईंना हसू आलं, पण सर हसत नव्हते. भोईवाड्यातलं हे कॉलेज, बारावी कला शाखा. मराठीच्या वीस मार्कांसाठी कादंबरीवर एक मोठा निबंध लिहायचा, एक बाजू घेऊन ती पटवून द्यायची, असा रिवाज. कादंबरी आपल्याच भागातली. कोकणातून आलेली विधवा तानूबाई लालबागच्या चाळीत खाणावळ चालवते, बत्तीस गिरणीकामगारांना दोन पंगतींत जेवू घालते, गिरण्या बंद पडल्यावर एकेक माणूस उठून जातो, आणि शेवटी ती खाणावळ मोडून गावी निघते. वह्या गेल्या वर्षीच्या होत्या. बाहेरून तपासायला आलेल्या परीक्षकांनी त्यांवर असा शेरा मारला होता, की जूनमध्ये नव्याने रुजू झालेल्या सरांना पहिल्याच आठवड्यात तो वाचून घाम फुटला होता.

"यंदा मी एक नमुना निबंध तयार करतो," सर म्हणाले. "नीटनेटका. सगळ्या तुकड्यांना फळ्यावर लिहून देऊ. निदान ओळी तरी गळणार नाहीत."

"नको सर. यंदा मुलं स्वतः लिहितील. ज्याची त्याची बाजू, ज्याचं त्याचं विधान."

"हे तुम्ही सत्तावीस वर्षं म्हणताय, असं ऐकलंय मी."

"म्हणतेय खरी," बाई म्हणाल्या. "जमवलं नाही, हा माझा दोष. मुलांचा नाही."

सर माणूस वाईट नव्हता. त्यांना मुलांच्या मार्कांची काळजी होती, आणि ती खरी होती. ते थोडा वेळ बोटांनी थप्पी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "ठीक. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी तुमच्या वर्गात येतो. कुठलंही एक मूल मी निवडणार. त्याने उभं राहून आपली बाजू मांडायची, मी प्रश्न विचारणार. टिकलं, तर पुढच्या वर्षीपासून सगळ्या तुकड्यांना तुमची पद्धत. नाही टिकलं, तर माझा नमुना. पण तुम्ही तर मे महिन्यात रिटायर होताय. तुम्हाला कशाला हा ताप?"

"म्हणूनच हवाय," अंबिकाबाई म्हणाल्या आणि वह्यांची एक थप्पी उचलून बाहेर पडल्या. मागे काही राहायचं असेल तर ते राहायला आता डिसेंबरपर्यंतचे पाच महिने होते.

*

पहिल्या खेपेला मुलांनी पानंच्या पानं लिहून आणली, आणि बाई घरी लालबागला खिडकीपाशी बसून वाचता वाचता खचल्या. सगळ्यांनी गोष्टच लिहिली होती. तानूबाई बोटीतून आली, मग चूल मांडली, मग पहिलं गिऱ्हाईक आलं, मग दुसरं. स्वप्नीलने तर अकरा पानं लिहिली होती आणि इतक्या गोडीने, की बाईंना कादंबरी पुन्हा वाचावीशी वाटली. बाजूचा मात्र पत्ता नाही.

"स्वप्नील, तुझं म्हणणं काय आहे?"

"बाई, सांगितली ना स्टोरी."

"स्टोरी लेखिकेने सांगितली. तू काय म्हणतोस?"

स्वप्नीलने डोकं खाजवलं. "मी... तेच म्हणतो."

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरून सम्यक म्हणाला, "बाई, मोबाईलला पण विचारलं मी. तो पण त्यागमूर्तीच बोलतो. त्याने पण गाइड वाचलंय वाटतं."

बाईंनी त्याला दटावलं. 'विधान', 'युक्तिवाद', 'पुरावा' हे शब्द त्या सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहीत आल्या होत्या. मुलं ते वहीत उतरवून घेत, खाली रेघ मारत, आणि पुन्हा गोष्ट सांगायला लागत.

एकादशीला संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे देवळात कीर्तनाला गेल्या. हे त्यांचं लहानपणापासूनचं. त्यांचे वडील लवू परब दिवसा गिरणीत सूतखात्यात आणि संध्याकाळी बुवांच्या पाठीमागे टाळ घेऊन उभे. बुवांचं नाव पत्रिकेवर छापून येई. लवू परबांचं कधी आलं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. घरी आल्यावर पाय चेपून घेता घेता ते लेकीला सांगत, "बुवा रंगात इलो काय वाट चुकता गो. तेका परत ध्रुपदार हाडूचा, ह्यां आमचा काम."

त्या एकादशीला बुवा तरुण होते, आवाजाचे गोड आणि जिभेचे सैल. दृष्टांत द्यायला म्हणून त्यांनी एका सावकाराची गोष्ट काढली, सावकारावरून त्याच्या मुलाच्या लग्नावर गेले, लग्नावरून जेवणावर, आणि जेवणावरून स्वतःच्या पोटाच्या तक्रारीवर. लोक हसत होते, बुवा खुलत होते. आणि पाठीमागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, हळूच टाळ वाजवला आणि अभंगाचं ध्रुपद, फिरून फिरून येणारी ती मूळ ओळ, उचललं. दोन्ही रांगा त्याच्यामागे. भर गोष्टीत बुवा थांबले, हसले, कान पकडले आणि म्हणाले, "हां माउली, आलो, आलो."

अंबिकाबाई ताठ बसल्या. सगळ्या सभेला बुवा दिसत होते. त्यांना फक्त ती मागची रांग दिसत होती. कीर्तन संपल्यावर त्या बुक्का लावून घ्यायच्याही विसरल्या आणि इतक्या झपाझप घरी गेल्या, की शेजारणीला वाटलं गॅस चालू राहिलाय.

*

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीनच शब्द होते. ध्रुपद. प्रमाण. दृष्टांत.

"कीर्तनात बुवा एक ओळ धरतो," बाई म्हणाल्या. "तास-दोन तास ती एकच ओळ पटवून देतो. ती ओळ म्हणजे तुमचं विधान. ती पटवायला संतांची वचनं काढतो, त्यांना म्हणतात प्रमाण. तुम्ही कादंबरीतलं वाक्य काढायचं, पान नंबरासकट. आणि ऐकणाऱ्याला उमगावं म्हणून रोजच्या जगण्यातलं काही सांगतो, तो दृष्टांत. प्रत्येक वेळी फिरून परत ध्रुपदावर यायचं. जो येत नाही त्याला मागचे टाळकरी आणतात."

मग त्यांनी सहा मुलांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. "हे टाळकरी. आज बुवा कोण? स्वप्नील, ये पुढे. तुझं ध्रुपद काय?"

"तानूबाई... चांगली होती."

"हे ध्रुपद नाही, श्रद्धांजली आहे. कोणी नाही म्हणेल असं काहीतरी बोल."

बरीच ओढाताण होऊन स्वप्नीलने शेवटी विधान काढलं, 'तानूबाईला तिच्या भावाने फसवलं'. तो बोलायला लागला आणि तिसऱ्याच वाक्याला बोटीत जाऊन बसला. "तर ती बोट रेवदंड्याला लागली, तेव्हा..." मागून सहाजणांनी बाक बडवत एका सुरात गर्जना केली, "तानूबाईला तिच्या भावाने फसवलं!" स्वप्नील दचकला. "हां हां, सांगतोय ना! भावाने असं फसवलं की... पण त्याआधी ती बोट..." पुन्हा गर्जना. शेजारच्या वर्गातून इतिहासाचे सर डोकावले आणि बाईंना वर्गात बघून आणखीच घाबरून परत गेले.

तासाभरात स्वप्नीलची गोष्ट अकरा पानांवरून दोनावर आली, आणि त्या दोन पानांत तीन प्रमाणं होती. पंधरवड्यात मुलं मधल्या सुट्टीतही एकमेकांना पकडायला लागली. कॅन्टीनमध्ये कुणी क्रिकेटबद्दल भरकटलं, की दुसरं ओरडे, "ध्रुपद!" बाई स्टाफरूममध्ये चहा पिताना ते ऐकत आणि कपात बघून हसत. आपल्या बापाचं काम आपण वर्गात आणलं, याचा त्यांना इतका अभिमान वाटे, की त्या त्याची कुठे वाच्यताही करत नसत.

तो अभिमान सम्यकने एका सकाळी तीन वाक्यांत उतरवला.

"बाई, एक बोलू? राग नका मानू."

"बोल की."

"आमच्या घरी कीर्तन नसतं. अर्ध्या वर्गाच्या नसतं. तुम्ही ध्रुपद बोललात तेव्हा आम्ही आपले बाजूवाल्याकडे बघून बाक बडवत होतो."

बाईंना धक्काच बसला. सत्तावीस वर्षं त्या याच वर्गात शिकवत होत्या. समोरची निम्मी पोरं कुठल्या घरातून येतात हे त्यांना माहीत होतं. तरी आपल्या कानात जे आहे ते सगळ्यांच्या कानात असणार, असं त्या बिनघोर धरून चालल्या होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

"ते ठीक आहे ओ, आता जमतंय," सम्यक म्हणाला. "पण मेन लोचा तो नाही. कीर्तनात समोर सगळे हात जोडून बसलेले असतात ना? बुवा बोलेल ते आधीच मान्य. मग पटवायचं कुणाला?"

"असं कसं? बुवा स्वतःच शंका काढतात. 'आता तुम्ही विचाराल' असं म्हणतात आणि उत्तर देतात."

"पण बाई, शंका पण त्यांचीच ना? ज्याचं उत्तर पाठ आहे तेच विचारणार ते. माझ्या आजोबांची गायन पार्टी होती. समोर दुसरी पार्टी. ते सवाल टाकायचे, आजोबांनी तिथल्या तिथे गाण्यात जवाब द्यायचा. नाही जमलं तर अख्ख्या वस्तीसमोर नाक कापलं. आजोबा सांगतात, जवाब घरी नाय बनत. समोरचा बनवून घेतो."

बाईंची कानशिलं तापली होती. कीर्तनाबद्दल कुणी असं बोलावं, याची त्यांना सवय नव्हती, आणि त्यात बोलणारा खरं बोलत होता. त्या दिवशी त्यांनी तास पाच मिनिटं आधी सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा करताना गंध उगाळत त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. वाद कुणाशी होता? देवाशी तर नव्हताच. देवाला कोणी प्रश्न विचारल्याचं वाईट वाटत असेल, असं त्यांना इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. वाईट वाटलं होतं ते लवू परबाच्या लेकीला.

वर्गात येऊन त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि बोलणाऱ्याच्या बरोबर समोर ठेवली. "ही सामनेवाल्याची. टाळकरी मागे, सामनेवाला पुढे. सम्यक, बस. आजपासून बुवाला जाळ्यात पकडायचं काम तुझं."

"सॉलिड!" सम्यक म्हणाला, आणि खुर्चीत असा रेलला जणू ती त्याच्याच मापाने बनवली होती.

*

प्राची ही वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. तिचे पपा लालबागला सुतारकाम करत, गणपतीच्या दिवसांत मंडपाचं. नोव्हेंबरात एका मधल्या सुट्टीत ती पेन्सिल आणि कादंबरी घेऊन बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, शेवटच्या प्रकरणात ती ताटं वाटते ना?"

"हो. शेजाऱ्यांना सगळी वाटून टाकते आणि निघते."

"सगळी नाही वाटत." प्राचीने पान उघडलं. समासात बारीक आकडे होते. "पाटकरांना सहा. खालच्या दर्ग्याजवळच्या खानचाचांना चार. देवळात आठ. बाळंतिणीला दोन. पुढची पण अशीच जोडत गेलं की एकतीस होतात. मी चार वेळा मोजली. एक ताट ती कुणालाच देत नाही."

अंबिकाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं. बोट ठेवून मोजलं. एकतीस. कादंबरी त्या सहा वर्षं शिकवत होत्या; तीन वेळा या प्रकरणावर त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मोजायचं एकदाही सुचलं नव्हतं. गाइडात ठळक अक्षरांत होतं, 'सर्व ताटे वाटून तानूबाई रित्या हाताने निघते.'

"मग तुझं विधान काय, गं?"

प्राचीने पेन्सिल कानामागे खोचली. "तानूबाई त्यागी नव्हती. तिला बत्तीस माणसांवर हुकमत हवी होती. प्रमाणं आहेत बाई. पान एकेचाळीस, एकजण आमटीत मीठ कमी म्हणतो, तर दुसऱ्या दिवशी ती त्याचं ताट दाराशी चपलांजवळ मांडते. पान त्र्याण्णव, भाऊ म्हणतो मी वाढतो, तर ती पळी हातची सोडत नाही. आणि हे शेवटचं ताट. ते तिने स्वतःकडे ठेवलं."

बाईंना ते सगळं पटलं नाही. तानूबाईबद्दल असं कुणी बोलावं याने त्यांचं मन दुखावलं सुद्धा. पण कुणाचं मन दुखवेल इतकं ठाम आणि पानासकट बोलणारी मुलगी सत्तावीस वर्षांत त्यांच्या टेबलापाशी आली नव्हती.

"लिही," त्या म्हणाल्या. "मला पटो न पटो, लिही."

*

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी हेमचंद्र सर आले ते कादंबरीची आपली प्रत घेऊनच. तिच्यातून रंगीत कागदाच्या खुणा बाहेर डोकावत होत्या. ते नुसते तपासायला नव्हे, वाचून आले होते. सामनेवाल्याची खुर्ची रिकामी बघून ते सरळ तिच्यात बसले. सम्यकला मागे टाळकऱ्यांत जावं लागलं.

सरांनी हजेरीवरून बोट फिरवलं. "प्राची घाडी."

स्वप्नीलने कपाळावर हात मारला. सगळ्यांना वाटलं होतं तो किंवा सम्यक. प्राची उठली ती कागद नाकाशी धरूनच. पण ती बोलायला लागली आणि आवाज हळूहळू घट्ट झाला. मीठ, पळी, एकतीस ताटं. एकदाही भरकटली नाही. दोनदा टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं ते तिला आणायला नव्हे, आनंदाने.

एकतीस ताटांपाशी सरांनी मान खाली घालून आपल्या प्रतीत काहीतरी शोधलं, बोटाने मोजलं, आणि भुवया उंचावल्या. अंबिकाबाईंनी ते पाहिलं आणि पदर सावरायच्या निमित्ताने छातीवर हात ठेवला.

"चांगलं बोललीस," सर म्हणाले. "आता पान एकशे अठ्ठावन्न काढ. गिरण्या बंद आहेत. जेवायला नऊच माणसं उरलीत आणि पीठ सातांना पुरेल इतकं. तानूबाई त्या नवांना वाढते, तेही नेहमीसारखं, कुणाला कळू न देता. ते निजायला जातात. मग ती दार लावते आणि उपाशी झोपते. बरोबर?"

"हो सर."

"ज्याला हुकमत हवी, तो उपाशी राहील, पण चारचौघांना दाखवून. इथे बघणारं कोणीच नव्हतं. मग हुकमत कुणावर?"

प्राचीने पान बघितलं. मग ती घाईघाईने म्हणाली, "सर, म्हणजे काय झालं होतं, आधी सावंत गेले होते गावाला, मग मुकादम गेला, आणि मग..."

गोष्ट. ती गोष्टीत शिरली होती. टाळकऱ्यांनी इमाने इतबारे बाक बडवला. "तानूबाई त्यागी नव्हती! तिला बत्तीस माणसांवर हुकमत हवी होती!"

"हां. तर हुकमत अशी की... जेव्हा मुकादम..."

पुन्हा बाक. पुन्हा ध्रुपद. अंबिकाबाई खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. प्रश्न खरा होता. मागून तीच ओळ आणखी जोराने आली, आणि बाईंना पहिल्यांदाच कळलं की ध्रुपदच मोडलेलं असेल, तर टाळकऱ्यांनी कितीही उचललं तरी बुवाला ते घरी आणत नाही.

तिसऱ्यांदा टाळकऱ्यांनी तोंड उघडलं आणि प्राचीने मागे न बघता हात वर केला.

"थांबा रे. ते नका म्हणू."

टाळकऱ्यांचे हात बाकाच्या वरच थांबले.

"सर बरोबर बोलतायत," प्राची म्हणाली. "माझं अर्धं विधान चुकलं."

सम्यकच्या तोंडून "अगं ए" निसटलं. बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो भिंतीला चिकटला. देवळात इतकी कीर्तनं ऐकली, पण भर कीर्तनात बुवाने हात वर करून ध्रुपद बदललेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. संपलं, त्यांना वाटलं. आणि त्याच क्षणी हेही वाटलं की संपू दे, पण या मुलीला आता कुणी मध्येच बोलू नये.

"दोन मिनिटं घेऊ, सर?"

सरांनी घड्याळ बघितलं. "घे."

प्राची पान एकशे अठ्ठावन्न वाचत उभी राहिली. दोन मिनिटं कसली, चार झाली असतील. एकदा तिने पुढचं पान उलटलं, परत मागे आली. मग बोटाने एक ओळ धरली.

"सर, ती लगेच झोपत नाही. दार लावल्यावर ती ताटं घासते. 'राखेने घासून, धुऊन, आठ-आठच्या चार रांगांत पालथी घातली.' नऊच माणसं जेवलीत, पण ती बत्तीसच्या बत्तीस घासते. उपाशी पोटी. आणि ते पण कोणी बघत नाही."

"मग?"

"त्याग करायचा तर ताटं कशाला घासायची? आणि हुकमतीला पण त्याचं काय?" तिचा आवाज आता कागदावरचा नव्हता. "माझे पपा सुतार आहेत. मंडपाच्या मागची बाजू कोणाला दिसत नाही, तिथे पण ते रंधा मारतात. मम्मी ओरडते, कोण बघणार आहे तिकडे? ते बोलतात, मी बघितलंय ना. तानूबाईचं तसं आहे सर. खाणावळ तिचं काम होतं. मीठ कमी बोलला त्याने कामाला नाव ठेवलं, म्हणून तो दाराशी. पळी दिली नाही, कारण भाऊ कसाही वाढेल. आणि एक ताट ठेवलं, ते... पपांचे बाबा थकले, काम सुटलं, तरी एक रंधा त्यांनी उशाशी ठेवला होता. तसं." तिने दम घेतला. "तानूबाई त्यागी नव्हती, आणि मालकीणही नव्हती. ती कारागीर होती, आणि तिला आपल्या कामाचा अभिमान होता."

मग सम्यकने बाकावर थाप मारली आणि एकट्याने नवं ध्रुपद उचललं. बाकीचे धडपडत मागोमाग आले; निम्म्यांचे शब्द मागेपुढे झाले, सूर तर कुणाचाच लागला नाही. अंबिकाबाईंनी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण वर्गात बघणं त्यांना जमत नव्हतं.

"मला पूर्ण पटलेलं नाही," हेमचंद्र सर म्हणाले.

त्यांनी आपल्या प्रतीची शेवटची पानं उलटली.

"कारागीर असेल, तर गावी जाऊन ती पुन्हा चूल का मांडत नाही? शेवटच्या चार पानांत ती काहीच करत नाही. ते मला पुन्हा वाचायला हवं. तुझं पुस्तक दे. माझ्या खुणा भलत्याच ठिकाणी आहेत."

प्राचीने समासातल्या आकड्यांसकट पुस्तक दिलं. सर उठले, दारापर्यंत गेले आणि खिडकीपाशी परत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "परबबाई, माझा नमुना निबंध लिहून तयार होता. त्यात मीसुद्धा 'सर्व ताटे वाटून' असंच लिहिलंय."

"मीही सहा वर्षं तेच शिकवलं, सर."

"पुढच्या वर्षी सगळ्या तुकड्यांना हे चालवायचं, तर आम्हा बाकीच्या शिक्षकांना आधी ते करता यायला हवं. मे संपायच्या आत आम्हाला सहा तास द्या. आणि त्यात पहिला बुवा म्हणून मला उभं करू नका. मी गोष्टीत फार भरकटतो."

"तुम्हालाच करणार," बाई म्हणाल्या.

सर हसत गेले. वर्गात कालवा उठला. स्वप्नील बाकावर चढला होता, आणि सम्यक प्राचीला गाठून सांगत होता की गावी चूल न मांडण्याला त्याच्याकडे जबरी जवाब आहे, पण तो फुकट मिळणार नाही, एक वडापाव पडेल. प्राची त्याच्याकडे लक्ष न देता बाईंपाशी आली.

"बाई, मधेच विधान बदललं मी. चाललं ना?"

अंबिकाबाईंनी प्राचीच्या डोक्यावरून हात फिरवला, वेणी नीट केली, आणि मग वर्गातल्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या, "आजच नवीन लिहून काढ. आणि पहिलं विधान खोडायचं नाही. ते काय होतं, सरांनी कुठल्या पानाने मोडलं, तेही सगळं लिहायचं."

"बाई, मग पानं वाढतील."

"वाढू देत गं."